उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आणि दहा वॅटची सोलर प्लेट

गेल्या खेपेला आपण गटाच्या वहीखात्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा तेलकट हातांचा आहे. ज्या गटांनी ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा मालाचा टेम्पो घेतलाय, त्यांनी वही-पेन घेऊन बसा. ज्यांनी अजून घेतला नाही त्यांनीही ऐका, कारण हीच गोष्ट घरच्या स्कूटीला आणि फवारणीच्या पंपालाही लागू पडते.

आधी आमच्याच गटाची फजिती सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला. एप्रिलच्या मध्यात नांगरटीची कामं संपली आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला. जूनमध्ये मृगाचा पाऊस चांगला झाला, तिसऱ्या दिवशी घात आली. सात शेतांची रोटर मारायची कामं वहीत लिहिलेली होती. सकाळी सहा वाजता आमची ट्रॅक्टर चालवणारी वहिनी सीटवर बसली आणि तिनं किल्ली फिरवली. टक् एवढाच आवाज आला. परत फिरवली, परत टक्. बॅटरी उतरली होती.

दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून ओढून चालू करेपर्यंत दुपार झाली. शेतावर बंद केल्यावर तो पुन्हा चालू होईना. तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणण्यात दुसरा दिवस गेला. सातातल्या तिघांनी तोवर दुसरीकडून काम करून घेतलं. आमच्या गटातल्याच एका काकूंची दोन एकर राहिली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला आणि पुढं आठ दिवस घात आली नाही. काकू आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण त्या वर्षी त्यांचं सोयाबीन सगळ्या शिवाराच्या मागं होतं, आणि ते रोज आमच्या डोळ्यांसमोर होतं. चावडीवर लोक म्हणाले ते वेगळंच, "बायकांचा ट्रॅक्टर, दुसरं काय होणार?"

नवी बॅटरी सात हजारांच्या घरात गेली. बुडालेलं भाडं वेगळं. हप्त्याची तारीख मात्र थांबली नाही. तेव्हा मी ठरवलं, हे असं का होतं ते समजून घ्यायचंच. मी बीए मराठी घेऊन झालेली. बॅटरी म्हणजे काळा जड डबा, एवढंच माझं ज्ञान. पण बॅटरीच्या दुकानात चार वेळा बसले, विचारलं, लिहून घेतलं, मीटर लावायला शिकले. ते आज तुम्हाला सांगते.

बॅटरी नुसती उभी राहून कशी उतरते?

गाडीत असते ती बॅटरी शिशाची आणि आम्लाची. आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि त्या पाणी मिसळलेल्या गंधकाच्या आम्लात बुडालेल्या असतात. ही रचना १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं काढली. इतकी वर्षं झाली तरी ट्रॅक्टरखाली तीच आहे, कारण ती एका कामात पक्की आहे. इंजिन चालू करताना स्टार्टरला दोन-चार सेकंदांसाठी प्रचंड वीज लागते, ट्रॅक्टरला दोन-तीनशे अँपिअरपर्यंत. ती ही बॅटरी एका दमात देते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर बॅटरी परत भरतो. रोज चालणाऱ्या गाडीत हे देणं-घेणं बरोबर जुळतं. गाडी उभी राहिली की घेणं बंद होतं, आणि देणं थोडं थोडं चालूच राहतं.

ते कसं? दोन वाटांनी.

पहिली वाट, बॅटरी आतल्या आत उतरते. भरलेला माठ झाकून ठेवला, कुणी पाणी घेतलं नाही, तरी पाझरून तो कमी होतोच. बॅटरीचंही तसंच. चांगली बॅटरी महिन्याला साधारण पाच टक्क्यांच्या आसपास अशीच उतरते. उष्णता वाढली की हा पाझर वाढतो. दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट, असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, दहा टक्के धरून चाला.

दुसरी वाट, गाडीतलं काहीतरी गुपचूप वीज पीत असतं. घड्याळ, अलार्म, चोरीसाठी बसवलेलं जीपीएस. आमच्या ट्रॅक्टरला आम्हीच हौसेनं जीपीएस बसवून घेतलं होतं. किल्ली काढली तरी ते रात्रंदिवस चालू असतं.

आता वहीत आकडे मांडा. बॅटरीवर एक आकडा लिहिलेला असतो, अँपिअर-अवर म्हणून. ती बॅटरीची मापटी समजा. आमची ८० ची आहे. दुकानातल्या मुलानं मीटर लावून दाखवलं, आमचं जीपीएस ३० मिलिअँपिअर ओढत होतं. वाटतं, हे कितीसं? पण दिवसाचे २४ तास धरले तर ०.७२ अँपिअर-अवर होतात. ४५ दिवसांचे झाले ३२. त्यात आतला पाझर दीड महिन्याचा बारा धरा. एकूण ४४ गेले. ८० मधले निम्म्याहून जास्त. बॅटरी जुनी असेल तर मुळात ८० मावतच नाहीत, पन्नास-साठच मावतात. मग जूनमध्ये टक् आवाज आला यात नवल काय?

उतरलेली बॅटरी परत भरली की झालं, असं नाही

बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या बुडाला क्षार धरतो ना, तो रोजच्या रोज चिंच लावून घासला तर निघतो. सहा महिने तसाच ठेवला तर दगडासारखा होतो. बॅटरी उतरली की तिच्या पट्ट्यांवर असाच एक पांढरट थर बसतो, त्याला शिशाचं सल्फेट म्हणतात. लगेच चार्ज केली तर तो थर विरघळून परत आम्लात जातो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर थर कडक होतो आणि मग कितीही चार्ज करा, तेवढी जागा मेलीच. म्हणून आमची पहिली बॅटरी परत उभी राहिली नाही. ती बिघडलेली नव्हती, आम्ही तिला उपाशी ठेवलं होतं.

यातून एक गोष्ट कळते. बॅटरी उतरल्यावर भरण्यापेक्षा ती उतरूच न देणं स्वस्त पडतं. छोटी सोलर प्लेट हेच काम करते.

आधी फुकटचे उपाय

लगेच दुकानात पळू नका. बिनपैशाचे उपाय आधी बघा.

गाडी महिनाभरच उभी राहणार असेल आणि बॅटरी चांगली असेल, तर बॅटरीची मायनसची तार सोडून ठेवा. गुपचूप पिणारं सगळं बंद होतं, फक्त आतला पाझर राहतो. तेवढ्यानं महिन्यात काही बिघडत नाही. आम्हाला हे जमत नव्हतं, कारण तार सोडली की जीपीएसही बंद.

बरेच जण सांगतात, "आठवड्यातून दहा मिनिटं चालू करून ठेवायचा." यात एक खोट आहे. चालू करताना बॅटरीतून जे गेलं ते भरायला इंजिन थोडा वेळ तरी बरं फिरावं लागतं. नुसतं मंद आवाजात दहा मिनिटं ठेवलं तर बॅटरीच्या पदरात फारसं पडत नाही, डिझेल मात्र जळतं. चालवायचाच असेल तर अर्धा तास शेतावर काहीतरी काम काढून चालवा.

तिसरा उपाय, महिन्यातून एकदा बॅटरी काढून विजेच्या चार्जरवर भरून आणणे. हा उत्तम आहे. पण ती वीस किलोच्या आसपासची बॅटरी काढायची, तालुक्याला न्यायची, रात्रभर ठेवायची, परत आणायची. दोन महिन्यांनी कंटाळा येतो. आमच्या घरात लाईट कधी असते कधी नसते, तो प्रश्न वेगळाच.

दोन-अडीच महिने गाडी उभी राहणार असेल, किंवा जीपीएससारखं काही चालू ठेवायचं असेल, तर सोलर प्लेट घ्यावी.

प्लेट किती मोठी?

आमची रोजची गळती मोजू. जीपीएसचे ०.७२. उन्हाळ्यातला आतला पाझर महिन्याला आठ, म्हणजे रोजचा पाव अँपिअर-अवरहून थोडा जास्त. आणि सोलरच्या कंट्रोलरला स्वतःलाही थोडं लागतं, तेही पावच्या आसपास धरा. एकूण झाले सव्वा.

आता प्लेट काय देते? बारा व्होल्टची म्हणून विकतात ती प्लेट उन्हात काम करताना साधारण १८ व्होल्ट देते. दहा वॅटला अठरानं भागा, अर्ध्या अँपिअरहून किंचित जास्त येतं. दिवसभरात कडक उन्हाचे पाच तास धरले तर अडीच अँपिअर-अवर मिळाले. खर्च सव्वा, जमा अडीच. ढगाळ दिवसांसाठी शिल्लक राहते. पाच वॅटची प्लेट घेतली तर जमा सव्वाच्या जरा वर, म्हणजे काठोकाठ. म्हणून ट्रॅक्टरला आणि टेम्पोला दहा वॅट घ्या. त्याहून खूप मोठीची गरज नाही.

आणखी एक लिहून घ्या. ही प्लेट भरलेली बॅटरी भरलेली ठेवते. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायची तिची ताकद नाही. ८० भागिले अडीच करा, महिन्याच्या वर दिवस लागतील, तोवर थर कडक झालेला असेल. म्हणून गाडी उभी करायच्या आधी बॅटरी पूर्ण भरून घ्या, मग प्लेट लावा.

सोबत काय काय लागतं?

दहा वॅटची प्लेट, बारा व्होल्टचा छोटा चार्ज कंट्रोलर, चार-पाच मीटर दुपदरी तार, एक पाच अँपिअरचा फ्यूज त्याच्या घरासकट, आणि बॅटरीला लावायचे दोन चिमटे, लाल आणि काळा. आम्हाला सगळं मिळून दीड हजाराच्या आत पडलं. शिवाय एक साधा डिजिटल मीटर घ्या. तो गटाच्या मालकीचा असू दे, सगळ्यांना उपयोगी पडतो.

कंट्रोलर कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. माझी चूक सांगते. नवी बॅटरी घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी फार हुशारी केली. बंद पडलेल्या सौरदिव्याची चाळीस वॅटची प्लेट आमच्याकडे पडून होती. ती मी मधे काहीही न लावता सरळ बॅटरीला जोडली. म्हटलं, ऊन फुकट, प्लेट फुकट. तीन आठवड्यांनी शेडमध्ये गेले तर नासक्या अंड्यासारखा वास. बॅटरीला हात लावला तर गरम. झाकणं उघडली तर आतलं पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेलं. बॅटरी भरल्यावरही प्लेट वीज ढकलतच होती आणि पाणी उकळल्यासारखं बुडबुडे होऊन उडून जात होतं. वेळेवर लक्षात आलं म्हणून बॅटरी वाचली. आणखी दोन आठवडे गेले असते तर सात हजार पुन्हा गेले असते, आणि या वेळी दोष पूर्ण माझा.

कंट्रोलर हे राखणदाराचं काम करतो. बॅटरी भरत आली की तो वीज कमी करतो आणि साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टच्या आसपास तिला नुसती टेकवून ठेवतो. रात्री प्लेट थंड असते तेव्हा बॅटरीतली वीज उलटी प्लेटमध्ये जाऊ नये, हेही तोच बघतो. त्यावर बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर शिशाची बॅटरी निवडा, लिथियम नको.

जोडायचं कसं?

क्रम महत्त्वाचा आहे, सावकाश सांगते.

एक. ट्रॅक्टर बंद, किल्ली काढलेली. शेडचं दार उघडं. जवळ बिडी, काडी, दिवा काही नको. बॅटरी चार्ज होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीनं पेट घेतो. शेडमध्ये देवाचा फोटो असेल तर उदबत्तीसुद्धा त्या दिवसांत बाहेर लावा.

दोन. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. धातू दोन्ही टोकांना टेकला तर तो क्षणात लालभडक होतो. मंगळसूत्र पदरात आत खोचा. डोळ्यांना चष्मा असेल तर घाला.

तीन. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा धरला असेल तर आधी मायनसची तार सोडा, मग प्लसची. झाकणं घट्ट बंद आहेत ना ते बघा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशनं बुरा घासा. फसफसेल, घाबरू नका. कोरडं पुसा. लावताना आधी प्लस, मग मायनस. मायनसची तार ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली असते. ती आधी सोडलेली असली की प्लसवर काम करताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

चार. कंट्रोलरवर तीन जोड्या असतात. एकीवर बॅटरीचं चित्र, एकीवर प्लेटचं, एकीवर बल्बचं. बल्बची जोडी रिकामी ठेवा. आधी बॅटरीची जोडी लावा. प्लसला लाल, मायनसला काळा. लाल तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवा, म्हणजे तार कुठं घासून टेकली तरी आग लागणार नाही. कंट्रोलरचा दिवा लागला की मग प्लेटची जोडी लावा.

पाच. काढताना उलटं. आधी प्लेट, मग बॅटरी.

कंट्रोलर बॅटरीच्या डोक्यावर ठेवू नका. बाजूला खांबाला, पाऊस लागणार नाही असा खिळ्यावर टांगा.

ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी चिमटे काढायचे हे विसरू नका. आम्ही किल्लीलाच लाल फडकं बांधलंय. किल्ली हातात घेतली की फडकं दिसतं, आणि चिमटे आठवतात.

प्लेट कुठं ठेवायची?

उन्हात. हसू नका, आमच्या शेजारच्या गटानं प्लेट चोरीच्या भीतीनं शेडच्या आत खिडकीत ठेवली होती. काचेतून आणि सावलीतून काही मिळत नाही. प्लेटच्या एका कोपऱ्यावर झाडाची फांदी किंवा तारेची सावली पडली तरी पूर्ण प्लेटचं उत्पन्न बरंच घटतं. तोंड दक्षिणेला करा. आपल्या महाराष्ट्रात वीसेक अंशांचा कल पुरतो, म्हणजे पत्र्याच्या उतारापेक्षा जरा जास्त. तेवढा कल असला की पावसाचं पाणीही साचत नाही. दोन बोल्ट मारून, तारेनं बांधून टाका, म्हणजे वादळात उडणार नाही आणि सहज कुणी उचलणारही नाही. आठवड्यातून एकदा सकाळी, प्लेट थंड असताना, ओल्या फडक्यानं धूळ पुसा.

मीटर काय सांगतो?

बॅटरीची तब्येत कळायला मीटर लावायचा, पण वेळ साधून. आदल्या संध्याकाळी चिमटे काढून ठेवा आणि सकाळी मोजा. चार्जिंग चालू असताना किंवा नुकती थांबल्यावर आकडा उगाच फुगलेला दिसतो.

१२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमचा नियम असा की १२.४ च्या खाली आकडा आला तर प्लेटच्या भरवशावर बसायचं नाही, विजेच्या चार्जरवर भरून आणायची. प्लेट असूनही आकडा दर आठवड्याला उतरत असेल तर प्लेटवर सावली आहे का, चिमटा सैल आहे का, फ्यूज गेलाय का, हे बघा. सगळं ठीक असूनही उतरत असेल तर बॅटरीच म्हातारी झाली.

झाकणाची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा. पट्ट्या बुडालेल्या हव्यात, आतल्या खुणेपर्यंत. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते. नळाचं नको, विहिरीचं नको, फिल्टरचंही नको. त्यातले क्षार आत बसतात. आम्ल आपण कधीच घालायचं नाही, उडून जातं ते पाणीच. हातावर काही सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार धरा आणि तशाच दवाखान्यात जा.

तुम्ही विचारलेले प्रश्न

बैठकांत फिरताना जे प्रश्न आले त्यांची उत्तरं थोडक्यात.

स्कूटीला लावावी का? दोन-तीन दिवसाआड चालवत असाल तर गरज नाही. महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पाच वॅटची प्लेट कंट्रोलरसकट पुरते, कारण तिची बॅटरी फार छोटी असते. ती बहुधा बंद बॅटरी असते, ती उघडायची नाही, पाणी घालायचं नाही.

फवारणीच्या पंपाला? पंपाच्या बॅटरीवर १२ व्होल्ट आणि शिशाची असं असेल तर हीच प्लेट चालते. बारा अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी भरायला चार-पाच दिवस लागतील. लिथियमची असेल तर तिच्या सोबत आलेलाच चार्जर वापरा.

ई-रिक्षाला? नाही. तिथं बारा-बारा व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. ही प्लेट तिथं लावू नका.

घरच्या सौरकंदिलाची प्लेट चालेल का? ती बहुतेक सहा व्होल्टची असते. तिच्यानं बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही.

पावसाळ्यात काय? आभाळ भरलेलं असेल तर प्लेट पाव-तिसरा हिस्साच देते. पण तेव्हा उष्णताही कमी असते, म्हणून आतला पाझर कमी. श्रावणात आठ दिवस ऊन पडलंच नाही तर मीटर लावून बघा. आमची पावसाळ्यात कधी १२.५ च्या खाली गेली नाही.

शेवटी कामाचं

आमच्या गटात आता ट्रॅक्टरच्या वहीत एक पान बॅटरीचं आहे. दर शनिवारी सकाळी दोघी जणी जातात, मीटरचा आकडा लिहितात, खाली सही करतात. दोघीच का, तर एक आजारी पडली तरी काम अडू नये. दर तीन महिन्यांनी जोडी बदलते. आता बारा जणींना मीटर लावता येतो. त्यांच्यातल्या एकीनं परवा शेजारच्या भावजींच्या जीपची बॅटरी बघून सांगितलं, "बॅटरी ठीक आहे, तुमचा चिमटा सैल आहे." खरंच तो सैल होता.

या वर्षी मृग पाच दिवस उशिरा आला. घात आली त्या सकाळी वहिनीनं लाल फडकं सोडलं, चिमटे काढले आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. पहिलं शेत कुणाचं घ्यायचं यावर बैठकीत चर्चासुद्धा झाली नाही. काकूंची दोन एकर सकाळी नऊच्या आत झाली.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गाडीच्या बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा वहीत लिहा. वर्षात गाडी सलग किती दिवस उभी राहते ते मोजा. आणि तिची राखण कोण करणार त्या दोघींची नावं ठरवा. प्लेट घ्यायची की नुसती तार सोडून भागेल, ते या तीन उत्तरांवरून तुमचं तुम्हालाच कळेल.

काही अडलं तर तुमच्या बैठकीला आले की विचारा. मीटर माझ्या पिशवीत असतोच. नमस्कार.